शेवटच्या बाकावरचा मतदार

(आचार्य अत्रे स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आचार्य अत्रे या नावाने व्याख्यान ठेवलं की श्रोते किस्से ऐकायच्या तयारीने येतात. त्यात गैर काहीच नाही. महाराष्ट्राला इतकं पोटभर हसवणारा दुसरा वक्ता आपल्याला मिळालेला नाही. पण त्या हशाखाली त्यांच्या आयुष्यातला एक मोठा भाग दडून गेला आहे, आणि मला त्याची खंत वाटते. नाटककार अत्रे आपल्याला ठाऊक आहेत. ‘मराठा’चे संपादक अत्रे, ‘श्यामची आई’ पडद्यावर आणणारे अत्रे, शिवाजी पार्क गाजवणारे अत्रेही ठाऊक आहेत. शाळामास्तर अत्रे मात्र चरित्राच्या पहिल्या काही प्रकरणांत भेटतात आणि पुढे त्यांची गाठ पडत नाही.

आज मी त्या मास्तरांबद्दल बोलणार आहे. हे मास्तर पुढे पुण्याच्या नगरपालिकेत गेले आणि त्यानंतर मुंबई राज्याच्या विधानसभेत जाऊन बसले. अत्र्यांनी शिक्षकी सोडली आणि मग ते राजकारणात शिरले, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. शाळेतली नोकरी त्यांनी सोडली, शिकवणं कधीच सोडलं नाही. शेवटच्या बाकावरच्या पोराला समजलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, ही चांगल्या मास्तरांची साधी समजूत असते. अत्र्यांनी ती वर्गातून उचलली आणि सभेत, नगरपालिकेत, वर्तमानपत्रात नेली. त्यांच्या राजकारणाची ताकद तिच्यात होती. त्यांच्या राजकारणातला दोषही एका परीने शिक्षकाचाच होता. त्याबद्दलही मी आज बोलणार आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. वडील सासवडच्या नगरपालिकेत कारकून होते आणि काही काळ त्यांनी तिथलं चिटणीसपदही सांभाळलं. ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यात उरकतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. नगरपालिका म्हणजे काय हे त्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. घरपट्टी, दिवाबत्ती, पाणी, गटारं, आणि त्यांच्यावरून होणारी भांडणं हे सगळं त्याने घरातच पाहिलं असणार. गावचा कारभार ही आपल्या आवाक्यातली गोष्ट आहे, त्यात गूढ काही नाही, ही जाणीव त्यांच्या लेखनात आणि भाषणात सतत दिसते.

सासवडहून ते पुण्याला आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१९ साली पदवीधर झाले आणि पोटासाठी मास्तरकी पत्करली. त्या काळच्या गरीब घरातल्या हुशार मुलाला दोन रस्ते मोकळे असत, कारकुनी किंवा शाळा. शाळेत शिरलेले बरेच जण वकिलीची परीक्षा होईपर्यंत तिथे दिवस काढत. अत्रे मात्र रमले. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते हेडमास्तर झाले आणि वयाची ऐन उमेदीची वर्षं त्यांनी तिथे घातली.

ही शाळा कुठे होती याकडे लक्ष द्यायला हवं. पुण्याचं शैक्षणिक वैभव होतं पेठांमध्ये. न्यू इंग्लिश स्कूल, नूतन मराठी विद्यालय या शाळांतली बरीचशी मुलं घरातूनच श्लोक, पाढे आणि शुद्ध बोली घेऊन येत. अत्र्यांची शाळा लष्करात होती. लष्कर म्हणजे छावणीच्या आश्रयाने वाढलेली वस्ती. तिथे दुकानदार, कारागीर, बटलर, गाडीवान राहत. मराठीच्या शेजारी उर्दू, तेलुगू, तमिळ, गुजराती कानावर पडे. अशा वर्गात मुलाच्या घरच्या तयारीवर भिस्त ठेवून चालत नाही. धडा कळायचा तर तो वर्गातच, शिक्षकाच्या तोंडूनच कळायला हवा. पेठेतल्या शाळेत अत्रे उत्तम शिक्षक झालेच असते. लष्करातल्या शाळेने त्यांना अवघड श्रोत्यापुढे उभं राहायची सवय लावली.

पुढे ते लंडनला गेले आणि १९२८ साली लंडन विद्यापीठाची शिक्षक पदविका घेऊन आले. तिथे सिरिल बर्ट यांच्या हाताखाली त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यास केला. प्रत्येक मुलाची समज, गती आणि कल वेगळा असतो, तो मोजून-पाहून मग शिकवावं, असा तो विचार होता. विलायतेची पदविका घेऊन आलेला माणूस त्या काळी सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर जाऊ शकला असता. अत्रे परत आपल्या शाळेकडे वळले. पुण्यात राजा धनराज गिरजी हायस्कूल आणि मुलींसाठी आगरकर हायस्कूल या शाळा उभ्या राहिल्या त्या त्यांच्या प्रयत्नाने. मुलींच्या शाळेला स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या आगरकरांचं नाव देणं ही त्या काळी एक भूमिका होती, आणि तीही अत्र्यांनी पुण्यातच घेतली.

याच वर्षांत त्यांनी नवयुग वाचनमाला तयार केली. आज शासनाची पाठ्यपुस्तकं सगळीकडे सारखी असतात. बालभारतीची स्थापना १९६७ची. त्याआधी खाजगी वाचनमाला निघत आणि मंजुरी मिळवून शाळांत लागत. जुन्या वाचनमालांतल्या धड्यांत उपदेश फार असे. भाषा अशी की घरात, रस्त्यावर, मैदानात ती कुणीच बोलत नव्हतं. अत्र्यांनी मुलांच्या बोलण्यातली मराठी धड्यात आणली.

‘दिनूचे बिल’ हा त्यांचा धडा इथे बसलेल्या अनेकांना शाळेत असेल. दिनूचे वडील डॉक्टर. रोग्यांना बिलं जातात हे तो रोज पाहतो. त्याच्या मनात येतं, आपणही घरात कामं करतो, मग आपलं बिल का नसावं? तो कामांची यादी करतो, प्रत्येक कामापुढे रक्कम लिहितो आणि आईला देतो. आई रागावत नाही, शिकवणीही देत नाही. ती बिलाचे पैसे देते आणि सोबत आपलंही एक बिल ठेवते. त्यात तिने आजवर केलेलं सगळं असतं आणि रकमेच्या जागी काहीच नसतं. दिनू ते वाचतो, आणि पुढचं मूल स्वतःच ओळखतं.

या धड्याची रचना शिक्षकाच्या नजरेने पाहा. मातृप्रेमाबद्दल एक शब्द नाही. मुलाला ठाऊक असलेली वस्तू, म्हणजे बिल, घेतली आहे. हिशेबाच्या भाषेत गोष्ट सुरू केली आहे आणि तो हिशेब कुठे संपतो हे मुलालाच शोधायला लावलं आहे. वाचणाऱ्याच्या अकलेवर विश्वास असल्याशिवाय असं लिहिता येत नाही. ‘झेंडूची फुले’मधली विडंबनंही याच मुशीतली आहेत. १९२५च्या सुमारास आलेल्या त्या पुस्तकावर आपण हसतो. पण कवितेचं वृत्त, तिची लकब आणि तिचं वैगुण्य तंतोतंत हेरल्याशिवाय विडंबन साधत नाही. कविता शिकवून शिकवून तिच्या आत शिरलेल्या मास्तराचं ते काम आहे.

आता नगरपालिकेकडे वळू. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार बऱ्याच अंशी स्थानिक संस्थांकडे आला होता. शाळेची इमारत, शिक्षकांचे पगार, शाळा मंडळ हे सगळं नगरपालिकेच्या राजकारणात गुंतलेलं होतं. त्यामुळे मुलांची पुस्तकं लिहिणारा माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो यात नवल नव्हतं. १९३७च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं होतं आणि वारं काँग्रेसचं होतं. अत्रे काँग्रेसतर्फे पुणे नगरपालिकेवर निवडून गेले आणि स्थायी समितीचे अध्यक्षही झाले.

स्थायी समिती म्हणजे नगरपालिकेची तिजोरी. कंत्राटं, खर्चाच्या मंजुऱ्या, रस्ते, नळ हे सगळं तिथून जातं. त्या काळातली अत्र्यांची दोन कामं लोकांच्या तोंडी राहिली. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. नुसती नावं बदलली, त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. मंडईची कहाणी ऐकल्यावर तसं म्हणवणार नाही.

जोतीराव फुले हे स्वतः शाळा काढणारे, शिकवणारे गृहस्थ. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करायचा ठराव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटे होते. नव्या मंडईच्या टोलेजंग इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असंही त्यांचं म्हणणं होतं. ते कुणी ऐकलं नाही. मंडई १८८६ साली उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. पुढे १९२५ साली केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं हे आपण जाणता. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद त्या वेळी शिगेला पोचला होता.

त्यानंतर दीड दशकही झालं नव्हतं. एका ब्राह्मण घरातला मास्तर त्याच नगरपालिकेत बसतो आणि गावातल्या सगळ्यात गजबजलेल्या जागेला फुल्यांचं नाव देण्यासाठी झटतो. मंडईत पुणे शहर रोज येतं. भाजीवाली येते, हमाल येतो, पेठेतला पेन्शनर येतो. एकही पुस्तक न उघडणारा माणूसही दिवसातून चार वेळा ते नाव उच्चारतो. माझ्या मते हा अत्र्यांचा सर्वांत मोठा धडा होता. तो सगळ्या गावासाठी होता, आणि आज ऐंशीहून अधिक वर्षं झाली तरी चालूच आहे. पुढे १९५४ साली त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. त्याच्या आधीच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका शिक्षकाचं, साने गुरुजींचं पुस्तक पडद्यावर आणलं होतं. ‘श्यामची आई’ला उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. शिक्षकाने शिक्षकांचं ऋण असं फेडलं.

नगरपालिकेतल्या अनुभवाचं एक फळ १९३९ साली रंगभूमीवर आलं. ‘मी उभा आहे’ हे नाटक नगरपालिकेच्या निवडणुकीवर आहे. उमेदवारीची हौस, मतांचा बाजार, आश्वासनांची खैरात हे सगळं त्यात आहे. तेव्हा मताचा हक्कही मर्यादित होता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी ओलांडल्या तरच मत मिळे. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या माणसाला मतच नव्हतं. अत्र्यांच्या नाटकाला तोही तिकीट काढून येत होता. ज्याला मत नाही त्यालाही निवडणूक कळावी, तिची लबाडी कळावी, हे काम त्या नाटकाने केलं.

त्यानंतरची वर्षं चित्रपटांची, ‘नवयुग’ साप्ताहिकाची. १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ती वर्षं मी ओलांडून पुढे जातो, कारण मला आपल्याला १९५५ साली न्यायचं आहे.

त्या वर्षीच्या शरदात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मराठी आणि गुजराती भाषकांचं एक द्विभाषिक मुंबई राज्य करावं आणि विदर्भ वेगळा ठेवावा, अशी त्याची शिफारस होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटनला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आलं आणि अवघ्या पंधरवड्यात, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केला.

आंदोलनात डांगे होते, एस. एम. जोशी होते, क्रांतिसिंह नाना पाटील होते, प्रबोधनकार ठाकरे होते. संघटना उभी करणारे, तुरुंग भोगलेले, पक्ष चालवणारे असे हे लोक. अत्र्यांपाशी पक्ष नव्हता, केडर नव्हतं. मग त्यांचा वाटा नेमका काय? आयोगाचा अहवाल इंग्रजीत होता आणि त्याच्या मागचे युक्तिवाद भांडवल, महसूल, लोकसंख्या यांच्या भाषेत होते. लालबागच्या गिरणीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळावं? अत्रे ते सांगत. रात्री शिवाजी पार्कवर सांगत, सकाळी ‘मराठा’त सांगत. एक मुद्दा घ्यायचा, ओळखीच्या गोष्टीला जोडायचा, हसवायचं, पुन्हा तोच मुद्दा ठामपणे मांडायचा आणि सभा त्याच मुद्द्यावर संपवायची. वर्गात धडा याच क्रमाने घेतात. सभेतून घरी गेलेला कामगार शेजाऱ्याला द्विभाषिकाला विरोध का करायचा हे सांगू शके. ही साधी गोष्ट नाही. आंदोलनं घोषणांवर उठतात, टिकतात मात्र लोकांना कारण सांगता येतं तेव्हाच.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर, लाखोंच्या शोकात, बोलायला अत्रे उभे राहिले. त्या समुदायापुढे बाहेरच्या माणसाला बोलू द्यावं एवढा विश्वास त्यांनी कमावलेला होता, हे त्यातून कळतं.

१९५७ची निवडणूक प्रौढ मतदानाची होती. शेवटचा बाक आता मतदार झाला होता. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत समितीने काँग्रेसला हादरवलं. अत्रे दादरमधून विधानसभेवर निवडून गेले. राज्यभर बहुमत काँग्रेसचंच राहिलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि अत्रे विरोधी बाकांवर बसले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. लोकांची समजूत पक्की झाली होती, सरकारला अखेर तिच्यापुढे नमावं लागलं.

आमदार म्हणून त्यांचं मोजमाप करायचं तर प्रामाणिकपणे केलं पाहिजे. विधेयकाच्या कलमाकलमावर बसून काम करणं, समित्यांत वेळ घालणं, पक्ष बांधणं हा त्यांचा पिंड नव्हता. मैदानावरच्या अत्र्यांइतके सभागृहातले अत्रे मोठे ठरत नाहीत. आणि आता त्या दोषाबद्दल. वर्गात मास्तर एखाद्या मुलाची फिरकी घेतो तेव्हा वर्ग हसतो. त्या मुलाला उत्तर देता येत नाही. म्हणूनच चांगला शिक्षक ते शस्त्र जपून वापरतो. अत्र्यांनी ते सार्वजनिक जीवनात मोकाट वापरलं. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला. कालपर्यंत एकाच व्यासपीठावर बसलेले एस. एम. जोशींसारखे निर्मळ सहकारीही पुढे ‘मराठा’च्या तडाख्यातून सुटले नाहीत. लाखाची सभा खदखदून हसत असताना ज्याच्यावर ती हसते आहे त्याचं म्हणणं कुणाला ऐकू येत नाही. सगळ्यांना समजावं म्हणून आयुष्यभर झटलेल्या माणसाने कित्येकदा दुसऱ्याला बोलूच दिलं नाही, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

पण याच माणसाने दुसरीही बाजू दाखवली. ज्या नेहरूंवर त्यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आग पाखडली, ते १९६४ साली गेले तेव्हा अत्र्यांनी ‘मराठा’त दिवसामागून दिवस मृत्युलेख लिहिले. ते ‘सूर्यास्त’ या नावाने पुस्तकरूपात आहेत. विरोधकाचं मोठेपण आपल्याच वाचकांना समजावून सांगायचं, तेही त्यांना न रुचण्याचा धोका पत्करून, हेही शिकवणंच आहे. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले.

मित्रहो, या आयुष्यातून आज काय घ्यायचं? शिक्षकांनी राजकारणात उतरावं, असं मी म्हणणार नाही. अनुदानित शाळेतला शिक्षक आज सेवाशर्तींनी बांधलेला आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, तिथे पगार आणि पेन्शनचे प्रश्न मांडले जातात आणि ते मांडले जायलाच हवेत. पण निवडणुकीत शिक्षक दिसतो कुठे? मतदारयादी घेऊन दारोदार फिरताना, मतदान केंद्रावर बोटाला शाई लावताना. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला इतर अशैक्षणिक कामांतून मोकळं केलं, तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं ठेवलीच. लोकशाहीची मोजदाद आपण शिक्षकाकडून करून घेतो. लोकशाही समजावून सांगायचं काम मात्र कुणाकडेच उरलेलं नाही.

ते काम उमेदवाराचं आहे. मतदार सभेला येताना होता त्यापेक्षा घरी जाताना अधिक जाणता झाला पाहिजे, ही अत्र्यांच्या राजकारणाची कसोटी होती आणि आपल्या प्रत्येक पुढाऱ्याला ती लावता येते. सध्याच्या प्रचारसभांना ती लावून पाहा. आपल्या राज्यातल्या कित्येक महापालिका आणि नगरपालिका २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून दिलेला एकही माणूस सभागृहात नसताना शहरांची अंदाजपत्रकं मंजूर होत राहिली आणि आपल्याला त्याची हाक ना बोंब. ज्या संस्थेत फुले एकटे उभे राहून हिशेब विचारत होते, तिचीच ही गत झाली होती.

म्हणून आपल्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या प्रभागात जो कुणी निवडून आला असेल किंवा पुढे मत मागायला येईल, त्याला नगरपालिकेचं अंदाजपत्रक हातात घेऊन यायला सांगा. शाळांवर किती, पाण्यावर किती, रस्त्यांवर किती आणि का, हे त्याने चौकात उभं राहून सांगावं. सगळ्यात मागे उभ्या असलेल्या बाईला कळेपर्यंत सांगावं, आणि तिने प्रश्न विचारला तर तो पूर्ण ऐकून घ्यावा. ज्याला हे जमत नाही त्याला मत देऊ नका. आचार्य अत्र्यांची स्मृती जपायची तर एवढं आपण नक्की करू शकतो.